आठ पोती, एक होडी

१

ओनाला चादरी ओढायची खोड होती. टेबलावरची असो, पलंगावरची असो की शेजाऱ्यांच्या दोरीवरची, तिच्या दीड वर्षाच्या मुठीत कापडाचं टोक आलं की ते खाली यायचंच. मंगळवारी सकाळी संग्रहालयाच्या मागच्या दालनात तिने अशीच एक चादर ओढली. त्या चादरीखाली ‘जूनबग’ असायला हवी होती.

तिथे दोन शिड्या होत्या.

शिड्या सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडव्या टाकलेल्या होत्या आणि त्यांच्यावर पिंपाच्या जुन्या कड्या वाकवून बसवल्या होत्या. वर चादर घातली की डिट्टो होडी. पुढचा निमुळता उतारसुद्धा बरोबर जमला होता. ओना टाळ्या पिटत म्हणाली, “गेली!”

संग्रहालय सांभाळणाऱ्या डेलिया ब्रूसोने आपल्या पोरीला काखोटीला मारलं आणि दालनाचे चारही कोपरे पाहिले. सोळा फुटी होडी कोपऱ्यात बसत नाही हे तिला माहीत होतं, तरीही पाहिले. भिंतीवर जूनबगची दोन वल्ही जागच्या जागी होती. कडी शाबूत होती, कुलूप शाबूत होतं.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. कालच्या सोमवारी ओनाचा कान ठणकत होता, म्हणून ती दुपारी तिला घेऊन शहरातल्या डॉक्टरकडे धावली होती. एका हातात किंचाळणारी पोर, दुसऱ्या हातात दुपट्यांची पिशवी आणि दातांत किल्ली. मागचं दार तिने ओढून घेतलं हे तिला आठवत होतं.

कुलूप लावलं होतं का?

किती आठवलं तरी आठवेना.

२

“शेरीफला बोलावायचं नाही,” विनिफ्रेड डुफ्रेन म्हणाल्या.

ब्याऐंशी वर्षांच्या विनीबाई संग्रहालयाच्या अध्यक्ष होत्या. त्यांची आई, हेस्टर, तीस वर्षं याच जूनबगमधून टॅमरॅक तलावाकाठच्या घराघरांत टपाल पोचवायची. तिच्या पहिल्या फेरीला येत्या शनिवारी शंभर वर्षं होत होती. त्या दिवशी जूनबग वीस वर्षांनी पाण्यात उतरणार आणि विनीबाई टपालाची थैली घेऊन तिच्यात बसणार, असं ठरलं होतं. छताला टांगलेली होडी उतरवून, चादरीखाली झाकून ठेवली होती ती त्यासाठीच.

“शेरीफ आला की दहा मिनिटांत अख्ख्या गावात बोभाटा. तो अनुदानवाला साहेब शनिवारी येतोय, त्याला काय शिड्या दाखवू?” विनीबाईंनी काठी आपटली. “वर आमच्या पोत्यांच्या शर्यतीची आठ पोती पण गेलीयत कोठीतून. चोर आहे की बटाटेवाला?”

“पोती कधी गेली?”

“रविवारी मोजली तेव्हा तीस होती, आज बावीस. ते जाऊ दे. किल्ली कोणाकडे असते?”

“माझ्याकडे,” डेलिया म्हणाली. “आणि एक तुमच्याकडे.”

“माझी माझ्या गळ्यात आहे.” विनीबाईंचा आवाज जरा खाली आला. “डेलिया, तू गुणी मुलगी आहेस. पण शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत होडी आली नाही तर मला शेरीफला सांगावंच लागेल. दार फोडलेलं नाही, हेही सांगावं लागेल. मग समिती काय करेल ते माझ्या हातात नाही.”

समिती काय करेल हे डेलियाला सांगायची गरज नव्हती. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या नोकरीबरोबर मिळाल्या होत्या, नोकरी गेली की त्याही जाणार. नवरा खनिजवाहू जहाजावर, तो नोव्हेंबरशिवाय येत नाही. ओहायोहून सून म्हणून आलेल्या डेलियाला या गावात तिसरं वर्ष लागलं होतं, आणि तिसऱ्या वर्षी बाई अजून ‘बाहेरची’च असते.

तिने पुन्हा दार आठवून पाहिलं. दार ओढलं. किल्ली दातांत. पुढचं कोरं.

३

गावात संशय घ्यावा अशी तीनच माणसं होती, आणि तिघांनाही जूनबगचं भलतंच वेड होतं.

पहिले स्टँडिश वेन. उन्हाळ्यापुरते येणारे शहरी श्रीमंत. त्यांच्या बोटहाऊसमध्ये महोगनीच्या अकरा बोटी होत्या आणि बारावीसाठी ते दोन वर्षं विनीबाईंच्या मागे लागले होते. गेल्याच आठवड्यात ते टेप घेऊन जूनबगची मापं काढताना डेलियाने स्वतः पाहिले होते.

“चोरीला गेली?” वेनसाहेबांनी हातातला लिंबूसरबताचा पेला खाली ठेवला. “आणि वल्ही?”

“वल्ही आहेत.”

“मग माझ्याकडे बघू नका. त्या वल्ह्यांवर हेस्टरने स्वतःच्या हाताने नाव कोरलंय. वल्ह्यांशिवाय ती होडी म्हणजे बशीशिवाय कप. विकणारा चोर आधी वल्ही उचलेल.”

“मग मापं कशाला घेत होतात?”

वेनसाहेब कानापर्यंत लाल झाले. आत जाऊन त्यांनी एक निळी उशी आणली. होडीच्या फळीला बरोबर बसेल अशी, कडेला दोरीची शिवण घातलेली. “मिसेस डुफ्रेनना लाकडावर बसायला त्रास होतो. मी स्वतः शिवलीय. कुणाला सांगू नका, प्लीज. क्लबात हसतील.”

ओना उशीवर बसली आणि उठेना. चोराच्या घरी कोणी इतकं निवांत बसत नाही, असं डेलियाला उगाचच वाटलं.

दुसरा रॉस्को डुफ्रेन, विनीबाईंचा मुलगा. धक्क्यावर फायबरच्या बोटी विकायचा आणि लाकडी होड्यांना ‘पाण्यावरच्या टोपल्या’ म्हणायचा. संग्रहालयाची जागा आपल्या बोटींना मिळावी असं तो दर सभेत बोलून दाखवी. जूनबग गेली म्हटल्यावर तो हसेल, टोमणा मारेल, अशी डेलियाची तयारी होती.

तो पांढरा पडला. “तुला कसं कळलं? म्हणजे... चादर तर शनिवारी काढायची होती ना?”

“ओनाने ओढली.”

रॉस्कोने ओनाकडे असं पाहिलं, जणू तिने त्याचा खिसा मारला. मग तो भलतंच बोलू लागला. “मॉमला सांग जरा. लाइफ जॅकेट घालायला तयार नाहीये ती. म्हणते, माझ्या आईने घातलं होतं का? अगं, ब्याऐंशी वर्षांची बाई, त्या वाळक्या टोपलीत...” तो थांबला. “ते जाऊ दे. मला गिऱ्हाईक आहे.”

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

४

तिसरे अँब्रोज टॅगर्ट. गावाचे अँब अंकल. वय एक्क्याऐंशी. आजचं संग्रहालय म्हणजे त्यांच्या वडिलांचा जुना होडी-कारखाना, आणि जूनबगच्या निम्म्या फळ्या त्यांनी या वसंतात स्वतः बदलल्या होत्या. मे महिन्याच्या सभेत रॉस्को म्हणाला होता, “वीस वर्षं छताला टांगलेली होडी पाण्यात टाकाल, तर चाळणीसारखी गळेल.” त्यावर म्हातारा ताडकन उभा राहिला होता. “अरे ए टब विकणाऱ्या! माझ्या हातची फळ्यांची शिवण आहे ती. छतावरून काढा आणि थेट तलावात सोडा. कपभर पाणी आत आलं तर माझी हातोडी तलावात फेकून देईन!” सभेने टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून दोघांत बोलणंच नव्हतं. नाहीतरी रॉस्कोच्या धक्क्यावर अँब अंकलनी तीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

डेलियाला ते बेट्सीच्या खानावळीत सापडले. समोर पॅनकेकची चळत, वर मेपलचा पाक वाहत होता.

“अंकल, वाईट बातमी आहे. जूनबग...”

“हं. गेली म्हणतेस?” त्यांनी काटा खाली ठेवला, विचार केला आणि परत उचलला. “येईल. अशा होड्या घरी परत येतात.”

“अंकल! तुम्ही चार महिने खपलात तिच्यावर!”

“म्हणून काय उपाशी राहू? बेट्सी, अजून दोन आण गं.” मग ओनाकडे वळून म्हणाले, “चादर तू ओढलीस होय, गुलामे? तुला कामाला ठेवायला पाहिजे.”

डेलिया दाराशी आली आणि थबकली. चादरीबद्दल ती अंकलना काहीच बोलली नव्हती.

ते रॉस्कोला ठाऊक होतं. आणि रॉस्को अंकलशी बोलत नव्हता.

५

गुरुवारी दुपारपर्यंत विनीबाईंनी ‘रंगकामाची पाहणी’ म्हणून गावातलं एकूण एक बोटहाऊस उघडून पाहिलं. जूनबग कुठेच नव्हती. तलावावर ती कुणाला दिसली नव्हती, रस्त्यावरून जाताना दिसली नव्हती. संग्रहालयाच्या मागच्या गवतात मात्र हातगाड्याच्या दोन बारीक चाकोऱ्या होत्या. त्या काठाच्या दिशेने जात आणि वाळूत विरून जात.

डेलिया ओनाला घेऊन काठावरच्या, पोरांच्या खेळायच्या वाळूच्या हौदाशी बसली. हा हौद तिला इंच न् इंच पाठ होता. ओना हौदाच्या काठावरून तोंडावर पडेल या धास्तीने तिने खोली बोटांनी मोजून ठेवली होती. शनिवारीच रॉस्कोने गाडीभर नवी वाळू ओतून तो काठोकाठ भरला होता.

आज वाळू वीतभर खाली होती.

“पोरं खिशात भरून नेतात की काय?” ती पुटपुटली. एक वीत, एवढ्या मोठ्या हौदात. खिसे नव्हेत, पोती लागतील.

ती ताठ बसली.

समोर रॉस्कोचा धक्का. नेहमी खोल पाण्यात डोलणारा पोहणाऱ्या पोरांचा तराफा आज धक्क्याला खेटून बांधलेला होता, आणि दोन मुली “साखळी दुरुस्त करायला एक आठवडा कशाला लागतो?” म्हणून कुरकुरत होत्या. धक्क्याच्या टोकाला खुर्ची टाकून एक माणूस गळ लावून बसला होता.

अँब अंकल. रॉस्कोच्या धक्क्यावर.

डेलिया ओनाला घेऊन धक्क्यावर गेली. “काही लागलं का, अंकल?”

“आज मासे आळशी आहेत.”

भर जुलैच्या उन्हात, छातीभर पाण्यात मासा येत नाही हे तिलाही कळत होतं. गळ वर आला तेव्हा तिने पाहिलं. त्याला आमिषच लावलेलं नव्हतं.

म्हातारा मासे धरत नव्हता. राखण करत होता. पण कसली? तराफ्यावर काही नव्हतं, धक्क्यावर काही नव्हतं. आणि चोरलेली होडी कोणी पोत्यांत भरून ठेवत नाही.

६

उत्तर शुक्रवारी सकाळी ओनाने दिलं.

तिच्याकडे लाकडी ठोकळ्यांची पाटी होती. गोल ठोकळा गोल खाचेत बसवायचा, चौकोनी चौकोनात, तारा ताऱ्याच्या खाचेत. तारा तिने आदल्या संध्याकाळी आंघोळीच्या टबात बुडवला होता आणि तो तिथेच राहिला होता. आता तो खाचेत जाईना. ओनाने ठोकलं, चावून पाहिलं, मग भोकाड पसरलं.

“रडू नको गं, पाणी पिऊन फुगलाय तो. वाळला की...” डेलिया मध्येच थांबली.

तारा हातात आणि ओना काखेत घेऊनच ती जिना उतरली आणि संग्रहालयाच्या पुढच्या भिंतीपाशी गेली. तिथे एक जुना फोटो होता. काठाशी सहा लाकडी होड्या, काठोकाठ पाण्याने भरून बुडालेल्या. खालची ओळ डेलियानेच पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने टाइप केली होती: ‘१९४९च्या वादळात बुडालेल्या होड्या.’

तिने आता पहिल्यांदाच नीट पाहिलं. होड्या एका रांगेत होत्या. वादळ रांग लावत नाही. प्रत्येकीच्या पोटात गोणपाटाची फुगलेली पोती होती. काठावर बायका खाण्याच्या टोपल्या उघडून बसल्या होत्या. मधल्या होडीत गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली एक चिमुरडी दात काढून हसत होती.

“ओना,” डेलिया म्हणाली, “तुझी आई कॉलेजात शिकली, पण बिनडोक आहे.”

ओनाने मान डोलावली.

७

पाच वाजता रॉस्कोच्या धक्क्यावर पाच माणसं आणि एक बाळ जमलं. विनीबाई खुर्चीवर, वेनसाहेब उशी पाठीमागे लपवून, रॉस्को हाताची घडी घालून, आणि अँब अंकल गळ धरून.

“सहाला एक तास आहे,” विनीबाई म्हणाल्या. “बोल.”

डेलियाने ओनाचा तारा मुठीत घट्ट धरला.

“चोर दोन होते. एकट्याला होडी उचलवत नाही. ती विकायची नव्हती, कारण वल्ही सोडली. ती परत आणायची होती, म्हणून शनिवारपर्यंत कुणाला कळू नये असं सोंग चादरीखाली उभं केलं. आणि त्या सोंगाला जूनबगच्या पुढच्या टोकाचा उतार अचूक जमला होता. तो हात या गावात एकाचाच आहे.”

अँब अंकलनी घसा खाकरला.

“मग पोती. आठ. ती वाळूने भरली, हौदातल्या. दगड घातले असते तर फळ्यांना ओरखडे आले असते. हातगाडा बोटी ओढायचा, तो रॉस्कोचा. आणि अंकल, चादर ओनाने ओढली हे मी फक्त विनीबाईंना आणि रॉस्कोला सांगितलं होतं. विनीबाई गप्प बसल्या. म्हणजे मे महिन्यापासून न बोलणारी दोन माणसं बोलायला लागली आहेत.”

“पण होडी कुठे आहे?” वेनसाहेब अधीर झाले. “सगळी बोटहाऊसं पाहिली आपण!”

“पाण्यावर पाहिलं, जमिनीवर पाहिलं. पाण्याखाली कोणी पाहिलं?” डेलियाने तारा पुढे केला. “वीस वर्षं वाळलेलं लाकूड आक्रसतं. फटी पडतात. चार दिवस बुडवून ठेवलं की फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट धरतात. पण ‘थेट तलावात सोडा’ अशी भर सभेत बढाई मारलेल्या माणसाला होडी चारचौघांत भिजत कशी घालता येणार? रॉस्को, तराफा सरकव.”

रॉस्कोने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने आभाळाकडे पाहिलं. तराफा सरकला.

छातीभर स्वच्छ पाण्यात, वाळूच्या तळावर, जूनबग शांत पहुडली होती. पोटात आठ पोती, आणि आतून दोन पिवळे मासे फिरत होते.

“बघ, मासे होते की नाही!” अँब अंकल म्हणाले.

विनीबाई काठीवर रेलून उठल्या.

“रॉस्को. तू?”

“मग काय करू, मॉम? तू लाइफ जॅकेट घालत नाहीस! हा म्हातारा स्वतःच्या शब्दात अडकलेला! गेल्या रविवारी दुकानात आला आणि टोपी काढून म्हणाला, तुझी आई बुडेल रे, मदत कर. तीस वर्षांत पहिल्यांदा टोपी काढली त्याने!”

“टोपीत माशी गेली होती,” अंकल गुरगुरले.

“आणि या पोरीची नोकरी जात होती ते?” विनीबाईंचा आवाज चढला. “मी तिला आजची मुदत दिली होती!”

अँब अंकलच्या हातातला गळ खाली आला. “नोकरी? असं कोण म्हणालं? विनी, देवाशप्पथ मला माहीत नव्हतं. मला वाटलं, चार दिवस शोधाशोध होईल, उद्या पहाटे जाग्यावर ठेवू, झालं.” ते डेलियाकडे वळले. चेहरा उतरला होता. “पोरी, चुकलंच माझं. हवं तर उद्या सगळ्यांसमोर सांगतो, की अँब टॅगर्टची शिवण गळते.”

विनीबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि एकाएकी खो-खो हसत सुटल्या.

“गाढवांनो! दर मे महिन्यात आई मला बुडालेल्या होडीत वजन म्हणून बसवायची. मला शिकवताय? तुझ्या बढाया मी शाळेपासून ऐकतेय, अँब. उद्याच्या पोशाखाखाली पोहण्याचा पोशाख घालायचं मी मे महिन्यातच ठरवलं होतं!”

“म्हणजे फोटोतली ती मुलगी...” डेलिया म्हणाली.

“मीच. सहावा वाढदिवस होता माझा. टोपलीत ब्लूबेरीचा केक होता.”

“पण मी खाली वादळ लिहिलं! तीन वर्षं! कोणी सांगितलं का नाही?”

विनीबाई, रॉस्को आणि अँब अंकल यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आम्हाला वाटलं, कॉलेजात शिकलेली आहे,” अंकल ओशाळून म्हणाले, “तिला कुठल्या तरी वादळाचा शोध लागला असेल.”

८

शनिवारी जूनबग तलावात उतरली. निळ्या उशीवर विनीबाई, मांडीवर टपालाची थैली, आणि वल्ह्यांवर रॉस्को, कारण “माझी आई, मीच नेणार.” मधोमध पोचल्यावर अँब अंकलनी काठावरून ओरडून विचारलं, “ए टब विकणाऱ्या, पाणी किती?”

रॉस्कोने खाली वाकून नीट पाहिलं. “अर्धा कप!”

“खोटं बोलतोय,” अंकल म्हणाले. “पाव असेल.” आणि नाक शिंकरायला त्यांनी रुमाल काढला.

अनुदानवाले साहेब जुन्या फोटोपुढे बराच वेळ उभे होते. खालची ओळ नवी होती: ‘मे १९४९. होड्या भिजत घातल्या आहेत. वजनाला कु. विनिफ्रेड, वय सहा. माहिती सांगणारे: टॅगर्ट आणि डुफ्रेन. चूक करणारी: डेलिया ब्रूसो.’ होडी परत छताला टांगायची नाही, दर मे महिन्यात सगळ्यांदेखत बुडवायची आणि कशी ते पोरांना शिकवायचं, असं समितीने ठरवल्याचं ऐकून साहेबांनी वही काढली आणि लिहायला लागले.

केक संपत आला तेव्हा अँब अंकल डेलियाजवळ आले. खिशातून त्यांनी एक काळी, जाडजूड किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

“बापाची आहे. कुलूप कधी बदललंच नाही ना आम्ही. आता तुझ्याकडे ठेव.”

डेलियाने किल्लीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. चार दिवस छातीत अडकलेला प्रश्न तिने अगदी हळू विचारला.

“अंकल... त्या दिवशी मागचं दार... उघडं होतं का?”

“उघडं?” म्हातारा खवळला. “अगं, किल्लीचे दोन फेरे दिले होतेस तू! माझ्या बापाच्या काळापासून त्या कुलपाला कुणी दोन फेरे दिले नाहीत. दहा मिनिटं लागली उघडायला. रॉस्को तर म्हणाला, ही बाई आहे की बँक?”

डेलिया हसायला लागली. ओनाला छातीशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली. ओनाने ही संधी साधली आणि केकच्या टेबलाची चादर ओढली.

संध्याकाळी सगळं आवरून डेलियाने मागचं दार लावलं. किल्लीचा एक फेरा. दोन फेरे. जिन्याच्या चौथ्या पायरीवरून ती परत फिरली, कडी हलवून पाहिली, आणि मगच वर गेली.